मागावं लागू नये: सार्वजनिक स्वच्छतागृहांतल्या मोफत पॅडच्या कामाच्या नोंदी

३ फेब्रुवारी

काम आजपासून आमच्याकडे. पालिकेच्या चार स्वच्छतागृहांत पाळीचं साहित्य मोफत ठेवायचं आहे: बस स्थानक, बाजार, वाचनालय आणि उद्यान. आदेशात एवढंच वाक्य आहे. कोणी भरायचं, कुठून आणायचं, वापरलेलं कुठे जाणार, याबद्दल कागद गप्प. म्हणून ही वही. पुढे जो कोणी हे काम घेईल त्याला "असं का केलं?" याचं उत्तर इथे सापडावं.

बैठकीत पहिला प्रश्न निघाला तो असा की हे अडचणीच्या वेळेपुरतं, की महिन्याच्या पूर्ण गरजेसाठी? स्कॉटलंडने दुसरा रस्ता धरला. तिथल्या संसदेने २४ नोव्हेंबर २०२० रोजी विधेयक एकमताने मंजूर केलं आणि १५ ऑगस्ट २०२२ पासून स्थानिक प्रशासन व शिक्षणसंस्थांवर बंधन आलं: ज्याला गरज आहे त्याला हे साहित्य मोफत मिळालंच पाहिजे. आमच्या आदेशाचा आवाका तेवढा नाही. आत आलेल्या बाईची त्या वेळची अडचण भागली पाहिजे, इतकं धरून चालायचं ठरलं. कोणी दोन जास्त घेऊन गेली तर तिच्यामागे धावायचं नाही, हेही आजच लिहून ठेवते. नंतर लिहिलं तर वाद होईल.

६ फेब्रुवारी

भांडारपालांना आकडा हवा आहे. किती लागतील सांगा, मगच मागणीपत्र पुढे जाईल म्हणाले. त्यांच्या जागी त्यांचं बरोबर आहे.

कागदावरचा हिशेब असा. पाळीचं चक्र ढोबळमानाने २८ दिवसांचं धरलं आणि रक्तस्राव ५ दिवसांचा, तर पाळीच्या वयातल्या १०० जणी एखाद्या दिवशी येऊन गेल्या की त्यांतल्या साधारण १८ जणींची पाळी त्या दिवशी चालू असणार. गरोदर बायका, अंगावर पाजणाऱ्या, गोळ्यांमुळे पाळी न येणाऱ्या वजा केल्या की आणखी कमी. राहिलेल्यांतल्या बऱ्याच जणींच्या पिशवीत स्वतःचं असतं. पेटीत हात जाईल तो जिची तारीख अलीकडे सरकली तिचा, जिचं संपलं तिचा आणि जिला दर महिन्याला विकत घेणं जड जातं तिचा. ही शेवटची बाई किती ठिकाणी आणि किती वेळा येईल हे भागाकाराने निघत नाही.

भांडारपालांना १८ चा आकडा वरची बाजू म्हणून दिला आणि खालची बाजू खप बघून ठरवू असं सांगितलं. एकदम मोठा साठा उचलायचा नाही, थोडा थोडा घ्यायचा, या अटीवर ते राजी झाले. आम्हालाही तेच हवं होतं. भांडाराची खोली दमट आहे.

१० फेब्रुवारी

बस स्थानकाच्या स्वच्छतागृहात भिंतीवर एक जुनं यंत्र आहे. नाणं टाका, पॅड घ्या. नाण्याची खाच गंजून बसलीय, चावी कोणाकडे आहे ते कोणालाच माहीत नाही, आणि ते काढायला परवानगी लागेल कारण ते मालमत्तेच्या यादीवर आहे. असो.

नवीन काय लावायचं यावर आज दिवस गेला. एक मत होतं नाण्याशिवाय चालणाऱ्या यंत्राचं: कळ दाबली की एक पॅड खाली पडतं, पुढचं काही मिनिटांनी. दुसरं मत साध्या उघड्या पेटीचं. यंत्राच्या बाजूने बोलणाऱ्यांचा मुद्दा एकच होता आणि तो वेगवेगळ्या शब्दांत तासभर चालला: उघडं ठेवलं तर कोणीतरी सगळं उचलून नेईल. शेवटी इलेक्ट्रिशियन, जो खरं तर दिव्यांच्या कामासाठी बसला होता, म्हणाला, "बल्बही चोरीला जातात साहेब, म्हणून आपण संडासात अंधार ठेवतो का?" त्यावर कोणी काही बोललं नाही.

माझं मत उघड्या पेटीकडे आहे, पण ते तत्त्वासाठी नाही. यंत्राला स्प्रिंग असते, ठरावीक मापाचंच पॅड त्यात बसतं, पुरवठादार बदलला की मापं बदलतात आणि यंत्र अडकतं. अडकलेलं यंत्र बाहेरून भरलेलंच दिसतं. रिकामी पेटी निदान रिकामी दिसते.

१३ फेब्रुवारी

पेटी नेमकी कुठे लावायची? सोपं उत्तर बेसिनजवळ. सफाईला बरं, भरायला एकच, नजर राहते.

पण पाळी आल्याचं कळतं ते बहुतेक वेळा आत जाऊन कडी लावल्यावर. तेव्हा त्या बाईने काय करायचं? कपडे सावरून बाहेर यायचं, रांगेतल्या बायकांसमोर पेटीत हात घालायचा आणि पुन्हा रांगेत उभं राहायचं? ज्या मुलीची पहिलीच वेळ आहे ती हे करणार नाही. ती काहीतरी कोंबून घरी जाईल.

दुकानदारांना हे शंभर वर्षांपूर्वी कळलं होतं. पहिल्या महायुद्धात जखमांवर लावायला जे सेल्युलोजचं पॅडिंग बनवलं होतं त्यातून अमेरिकेत कोटेक्स हे पॅड निघालं, १९२० च्या सुमारास. पण काउंटरवरच्या माणसाकडे ते मागायला बायका तयार नव्हत्या. मग दुकानांत दोन खोकी शेजारी शेजारी ठेवायची पद्धत निघाली: एकातून पाकीट उचला, दुसऱ्यात पैसे टाका, कोणाशी बोलू नका. १९२८ च्या सुमारास दुसऱ्या एका कंपनीने मोडेस या पॅडच्या जाहिरातीत कापून घ्यायचं कुपन छापलं. ते मुकाट्याने विक्रेत्याच्या हातात द्यायचं, तो मुकाट्याने पुडकं देणार. म्हणजे ज्या बायका पूर्ण पैसे मोजायला तयार होत्या त्यांनाही तोंडाने मागणं जड होतं. आपण तर फुकट देतोय. फुकटाची वस्तू मागणं त्याहून जड.

ठरलं: प्रत्येक संडासात आतल्या भिंतीवर लहान पेटी, थोडी पॅड मावतील एवढीच, आणि बेसिनजवळ एक मोठी. बसल्या जागेवरून हात पोचला पाहिजे, नळाचं पाणी उडून वर येता कामा नये, आणि चाकाच्या खुर्चीवरच्या बाईलाही काढता आलं पाहिजे. तिन्ही एकत्र साधणारी जागा प्रत्येक संडासात वेगळी निघतेय. सुतार वैतागलाय.

२० फेब्रुवारी

साहित्याची निवड. पॅड कशाचं असतं हे टेबलावर कापून पाहिलं, कारण निविदेत "उत्तम दर्जाचे" एवढंच लिहून भागत नाही. वर न विणलेल्या कापडासारखा पातळ थर, मध्ये लाकडाच्या लगद्याचा कापूस आणि त्यात शोषून घेणारे दाणे, खाली पाणी न सोडणारा प्लास्टिकचा पापुद्रा आणि त्याला गोंद. ते दाणे म्हणजे सोडियम पॉलिॲक्रिलेट. ओलावा मिळाला की फुगून त्याची जेली होते. हवेतला दमटपणाही ते ओढतात. म्हणून प्रत्येक पॅड वेगळ्या बंद वेष्टनातच हवं. एका मोठ्या पिशवीतली सुटी पॅड स्वस्त पडतात, पण ती अशा जागी टिकणार नाहीत, आणि कोणाचा हात लागलाय याची खात्री कोण देणार?

पुरवठादाराचा माणूस सगळ्यात जाड पॅड घ्या म्हणत होता. सरासरी पाळीत एकूण रक्त जातं ते ३० ते ४० मिलिलिटर, ८० च्या वर गेलं तर डॉक्टर त्याला जास्त म्हणतात. तेव्हा सगळ्यांना सगळ्यात जाड देण्यात अर्थ नाही. पण जिला खरोखर जास्त जातं तिला मधलं पॅड पुरत नाही, आणि प्रवासात चार-सहा तास बदलायची सोय नसते. मधलं आणि लांब, दोन्ही मापं घेतोय, दोन्ही पंखवाली.

टॅम्पॉनवर, म्हणजे योनीत आत ठेवायच्या शोषक बोळ्यावर, बराच वाद झाला. कोणी वापरत नाही असं म्हणणारे सगळे पुरुष होते, ही आपली नोंद. थोडे ठेवायचे ठरलं, बेसिनजवळच्या मोठ्या पेटीतच, सूचनेसह. १९८० च्या सुमारास अमेरिकेत टॉक्सिक शॉक सिंड्रोमने, म्हणजे जंतूंच्या विषामुळे होणाऱ्या गंभीर आजाराने, बायका दगावल्या आणि खूप जास्त शोषणारा एक टॅम्पॉन बाजारातून मागे घ्यावा लागला. त्यानंतरचा साधा नियम असा: गरजेपुरतं कमीत कमी शोषणारं घ्यायचं आणि ४ ते ८ तासांत बदलायचं. हे दोन मुद्दे पेटीवर मोठ्या अक्षरात येतील.

पाळीचं रक्त साठवणारा, आत बसवायचा कप ठेवत नाही. कप चांगला, वर्षानुवर्षं चालतो, पण तो माप बघून निवडावा लागतो, उकळावा लागतो आणि पहिल्यांदा वापरायला वेळ लागतो. बस सुटायला दहा मिनिटं असताना ते कोणी शिकत नाही.

२ मार्च

आज बाजारातल्या स्वच्छतागृहात सफाईच्या ताईंबरोबर बसले. आतापर्यंतच्या सगळ्या बैठकांपेक्षा हा एक तास कामाचा.

"ताई, आत पेट्या लावायच्या म्हणतोय. तुम्हाला काय वाटतं?"

"लावा की मॅडम. पण आधी डबे द्या."

मग त्यांनी आत नेऊन दाखवलं. खिडकीच्या फटीत, फ्लशच्या टाकीमागे, पाइप भिंतीत शिरतो तिथल्या भोकात, जिथे बोट जाईल तिथे वापरलेली पॅड खुपसलेली. "आणि ज्यांना कुठंच जागा दिसत नाही त्या भांड्यात टाकतात. टाकून बादलीभर पाणी ओततात. त्यांना वाटतं गेलं. ते कुठं जातंय? वळणावर जाऊन बसतं. मग तुंबलं की मला बोलावतात, मी आकडा घालून ओढते."

पॅड भांड्यात का जात नाही हे वर लिहिलेल्या दाण्यांवरूनच कळतं. पाणी मिळालं की ते आणखी फुगतं, वरचं कापड आणि खालचं प्लास्टिक फाटत नाही, विरघळत नाही. आपण मोफत पॅड ठेवली आणि डबे दिले नाहीत तर आपण पालिकेच्या खर्चाने पालिकेचीच गटारं तुंबवणार, आणि ती उपसणार या ताई.

"तुम्हाला हातमोजे मिळतात?"

"मिळतात. पातळ. दोन दिवसांत फाटतात."

त्यांनी पुढे जे विचारलं त्याचं उत्तर माझ्याकडे तयार नव्हतं. पेटी भरायची कोणी? किल्ली कोणाकडे? हे काम त्यांच्या तासांत धरलंय का, की झाडू-पोछा-फिनाइल संपल्यावर वरून करायचं? "सांगायचं काम कोणी पण सांगतं मॅडम. वेळ कोण देतं?"

जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या संयुक्त पाहणी कार्यक्रमाने २०१२ मध्ये पाळीच्या स्वच्छतेची व्याख्या केली आहे. तिच्यात स्वच्छ साहित्य हा एक भाग आहे. बाकीचे असे: हवं तितक्या वेळा आडोशाला बदलता येणं, अंग धुवायला साबण आणि पाणी, आणि वापरलेलं टाकायची सोय. आमच्या आदेशाने त्यातलं पहिलंच घेतलंय. उरलेलं ताईंनी न वाचता सांगितलं.

कामाचा क्रम बदलला. आधी प्रत्येक संडासात पायाने उघडायचा झाकणाचा डबा, त्यात पिशवी, शेजारी गुंडाळायला कागद. मग साबण. मग पेटी. जाड हातमोजे आणि चिमटा याच मागणीपत्रात घातले.

५ मार्च

एक विक्रेता पॅड जाळायची छोटी भट्टी घेऊन आला होता. भिंतीवर बसते, कळ दाबली की राख. दाखवायला छान.

त्याला विचारलं, आत तापमान किती जातं आणि धूर कुठे जातो? धुराला वरती एक नळी आहे म्हणाला. युरोपीय संघाच्या नियमांत कचरा जाळणाऱ्या प्रकल्पात धुराचा वायू किमान ८५० अंश सेल्सिअसवर २ सेकंद राहिला पाहिजे असं आहे, कारण प्लास्टिकयुक्त कचरा कमी तापमानावर अर्धवट जळला तर डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्यं तयार होऊ शकतात. भिंतीवरची ही डबी बायकांच्या नाकासमोर जळणार. नको म्हटलं. डब्यातला कचरा वेगळ्या पिशवीतून, खूण करून, वेगळा जाईल.

१८ मार्च

डबे बसले. साबण आला. आज बस स्थानक आणि वाचनालयात पेट्या लागल्या, बाजार आणि उद्यान या आठवड्यात.

पाटीवर काय लिहायचं यावर थोडी झटापट. वरून मसुदा आला होता: "गरजू महिलांसाठी. कृपया एकच घ्यावे. गैरवापर करू नये." त्यात तीन वाक्यं आहेत आणि तिन्ही बाईवर संशय घेणारी. गरजू हा शब्द वाचून जिच्याकडे पैसे आहेत पण आत्ता पॅड नाही ती हात मागे घेईल, आणि जिच्याकडे पैसे नाहीत ती सगळ्यांसमोर गरजू ठरेल. एकच घ्या म्हटलं तर लांबच्या प्रवासाला निघालेली दुसरं घेताना चोरासारखी वागेल. शेवटी राहिलं ते असं: "लागेल तेवढं घ्या. विचारायची गरज नाही. वापरलेलं कागदात गुंडाळून डब्यात." आणि खाली वाचता न येणाऱ्यांसाठी तीन चित्रं.

२४ मार्च

बस स्थानकाची पेटी भरली की त्याच दिवशी रिकामी होतेय. वाचनालयातली तशीच भरलेली.

बस स्थानकाबद्दल वरून लगेच फोन आला, "बघा, म्हटलं नव्हतं?" मी म्हटलं थोडं थांबू. नवी वस्तू दिसली की आधी लोक जास्त घेतात, कारण उद्या असेल याचा भरवसा नसतो. पेटी रोज भरलेली दिसली की साठवायची घाई कमी होते. हे माझं अनुमान, पण ते तपासायचा एकच मार्ग आहे: भरत राहणं.

वाचनालयाचं कोडं तिथे जाऊन सुटलं. आतल्या पेट्यांची जागा इमारतीच्या व्यवस्थापकांनी ऐनवेळी बदलून घेतली होती. फरशीला भोकं पडायला नकोत म्हणून सगळं मिळून एकच पेटी, दाराशी, जिथे देखरेखीच्या बाई खुर्ची टाकून बसतात. त्या बाई चांगल्या आहेत. कोणी आत जाताना पेटीकडे पाहिलं की आपणहून म्हणतात, "हवंय का बाळा? घे ना." आणि ती मुलगी "नको, नको" म्हणत आत जाते. मी समोरच्या बाकावर बसून हे पुन्हा पुन्हा होताना पाहिलं.

व्यवस्थापकांशी बोलून भोकं न पाडता चिकटवायच्या पट्ट्यांनी पेट्या आत लावल्या.

३१ मार्च

वाचनालयातला खप सुरू झाला. तेच पॅड, तीच पाटी, त्याच मुली.

९ एप्रिल

बस स्थानकाचा खप आता स्थिरावतोय. पण पेट्या शनिवारी-रविवारी रिकाम्या. चोरी नाही. भांडाराच्या कपाटाची किल्ली मुकादमांकडे, आणि मुकादमांना साप्ताहिक सुट्टी.

कॅलिफोर्नियाने २०२१ मध्ये शाळांसाठी जो कायदा केला त्यात एक तरतूद मला फार आवडते. प्रत्येक संबंधित स्वच्छतागृहात सूचना लावायची आणि तिच्यावर साठा भरलेला ठेवण्याची जबाबदारी ज्या व्यक्तीवर आहे तिच्याशी संपर्काचा ईमेल आणि फोन नंबर लिहायचा. कायदा करणाऱ्याने कधीतरी रिकामी पेटी पाहिलेली असणार. "पालिका जबाबदार आहे" म्हटलं की कोणीच जबाबदार नसतं.

आम्ही माणसाचा खाजगी नंबर न देता कामाचा एक नंबर पाटीवर टाकला: "पेटी रिकामी? इथे कळवा." दुसरी किल्ली करून सफाईच्या ताईंकडे दिली. मुकादमांना ते फारसं रुचलेलं नाही. "साठ्याचा हिशेब मग कोण देणार?" ताई देतील. वहीत खूण करायला त्यांना येतं.

२२ एप्रिल

उद्यानात एका वडिलांनी विचारलं की मुलीला अचानक पाळी आली, बायकांच्या बाजूला मी कसा जाऊ? ताईंनी आणून दिलं. पण ताई नसत्या तर?

वर म्हटलेल्या कॅलिफोर्नियाच्याच कायद्यात मुलींच्या आणि सर्वांसाठीच्या स्वच्छतागृहांबरोबर किमान एका मुलांच्या स्वच्छतागृहातही साहित्य ठेवायला सांगितलं आहे, कारण पाळी येणारे सगळेच बायकांच्या दारातून आत जात नाहीत. आमच्याकडे सोपी जागा म्हणजे अपंगांसाठीचं वेगळं स्वच्छतागृह. ते कोणालाही वापरता येतं, आत एकट्याने जाता येतं. तिथे पेटी आणि डबा लावायचं काम काढलं. उद्यानातल्या त्या खोलीत आत्ता झाडू आणि पाण्याचे पाइप ठेवलेत. आधी ते हलवावे लागतील.

२८ मे

आज मासिक पाळी स्वच्छता दिन. २०१४ पासून पाळतात. पाचवा महिना आणि २८ तारीख, रक्तस्रावाचे ५ दिवस आणि २८ दिवसांचं चक्र.

कार्यक्रम ठरला होता बस स्थानकावर. फीत, भाषण, आणि शाळेतल्या मुलींना रांगेत उभं करून हातात पॅडचं पाकीट देतानाचा फोटो. फोटोला नकार दिला. ज्या मुलीला रोजच्या बसस्टॉपवर पाकीट हातात घेऊन छापलं जाईल ती पुन्हा त्या पेटीकडे फिरकेल का? पेटीचा, डब्याचा, पाटीचा फोटो घ्या म्हटलं. बरीच नाराजी झाली. मग ताईंचा सत्कार केला. त्यांनी माइकवर दोनच वाक्यं बोलली, त्यातलं एक साबण वेळेवर येत नाही याबद्दल होतं. (नंतरची नोंद: साबण दुसऱ्या दिवशी सकाळी आला.)

११ जून

हवा दमट झालीय. आतल्या पेट्यांतलं तळाचं साहित्य मऊ पडतंय, काही वेष्टनांचा गोंद सुटलाय. पेटीला झाकण आणि तळाला भोकं. नवीन माल खाली, जुना वर, हे ताईंना सांगायला गेले तर त्या आधीपासून तसंच भरत होत्या.

२५ जून

वापरणाऱ्यांना विचारायचं कसं? स्कॉटलंडच्या कायद्याने प्रशासनाला हे साहित्य वापरणाऱ्यांशी आधी सल्लामसलत करायला लावलंय: कुठे ठेवावं, कसं मिळावं, कोणत्या प्रकारचं असावं. सन्मान राखून, सहज आणि निवडीला वाव ठेवून द्यायचं, हेही त्यातच. आम्ही दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिल आणि कागद लटकवला. नाव नको, नंबर नको.

कागद वाचून झाले. लांब पॅड जास्त ठेवा, हे अपेक्षित. टॅम्पॉनबद्दल आभार मानणाऱ्या चिठ्ठ्या, ज्या मी त्या पुरुषमंडळींना मुद्दाम दाखवणार आहे. एका मुलीने विचारलंय की किती दिवस रक्त गेलं तर डॉक्टरकडे जायचं. न्यूझीलंडने २०२० मध्ये वायकाटो भागातल्या १५ शाळांत मोफत साहित्याचा प्रयोग केला, तेव्हाही मुलींनी पॅडबरोबर माहिती मागितली होती. पुढे जून २०२१ पासून तिथे देशभरातल्या शाळांसाठी योजना सुरू झाली. आपल्या पाटीखाली एक ओळ वाढवतेय: ७ दिवसांपेक्षा जास्त रक्त जात असेल, किंवा तासातासाला पॅड भिजत असेल, तर डॉक्टरांना दाखवा.

पण सगळ्यात जास्त चिठ्ठ्या कशाबद्दल असाव्यात? कडीबद्दल. बाजारातल्या दोन दारांना कडीच नाही. एक हात दारावर ठेवून दुसऱ्या हाताने पॅड बदलून दाखवा, असं एकीने लिहिलंय. कड्या बसवायचं काम दुरुस्ती विभागाचं, आमच्या प्रकल्पात येत नाही, असं उत्तर मिळालं. प्रकल्पाच्या शिल्लक पैशातून कड्या घेतल्या आणि नोंद "पेटीसाठी अनुषंगिक लोखंडी साहित्य" अशी केली.

१० जुलै

लेखापरीक्षणाची टिपणी आली. "लाभार्थ्यांची यादी, स्वाक्षरीसह, सादर करावी."

रागवून उपयोग नाही. योजना म्हटली की लाभार्थी आलेच, लाभार्थी आले की सही आली. संडासातून बाहेर येणाऱ्या बाईकडून पॅड मिळाल्याची सही घ्यायची, हे त्यांनाही कदाचित अभिप्रेत नसेल. तक्ता तसा आहे एवढंच.

उत्तरात विचारलं: फिनाइल, साबण आणि बल्ब यांचा हिशेब कसा देतो? आवक, भरलेलं, खराब झालेलं, शिल्लक. कोणत्या माणसाने कोणता साबण वापरला याची यादी कोणी मागत नाही. आमच्या वहीत त्याच चार रकान्यांत रोजची नोंद आहे, ताईंच्या खुणांसह. भांडारपालांनी, ज्यांनी पहिल्या दिवशी आकडा मागितला होता, स्वतः खाली शेरा मारला की साठा जुळतो.

आणि सोबत प्रस्ताव पाठवला: पुढच्या वर्षापासून हे साहित्य "महिला कल्याण योजना" या शीर्षाखाली नको, स्वच्छतागृह देखभालीच्या उपभोग्य वस्तूंत टाका. योजनेला मुदत असते, उद्घाटन असतं, साहेब बदलले की ती थांबते. फिनाइल कोणत्याही साहेबाच्या काळात येतच राहतं.

८ ऑगस्ट

प्रस्ताव मंजूर, थोडी काटछाट होऊन. सफाईच्या नव्या कंत्राटात पेट्या भरणं आणि डबे दिवसातून दोनदा रिकामे करणं ही कामं वेळेसकट लिहिली गेली, जाड हातमोजेही. पेटी रिकामी आढळली तर कंत्राटदाराला दंड. तो ताईंच्या पगारातून कापला जाणार नाही अशी ओळ घालायला लावली. ती राहील की नाही ते पहिल्या महिन्याच्या बिलावर कळेल.

बाकी: बस स्थानकावर रात्रपाळीला सफाई नसते, शेवटच्या गाड्यांच्या वेळी पेटी रिकामी असते. रात्रीच्या पहारेकऱ्यांना किल्ली द्यायची का यावर ताई आणि मुकादम पहिल्यांदाच एकमताने नाही म्हणाले. त्यांच्या मते संध्याकाळी आतल्या पेट्या दुप्पट भराव्यात. त्यासाठी पेट्या मोठ्या लागतील, सुताराला पुन्हा बोलवायचंय. ते जुनं नाण्याचं यंत्र अजून भिंतीवर आहे. मालमत्ता विभाग म्हणतो, त्याचं घसारा-मूल्य ठरल्यावर काढता येईल. उद्यानातला पाण्याचा पाइप हलला, झाडू अजून तिथेच. मागणीपत्रात या वेळी लांब पॅडचं प्रमाण वाढवलंय, टॅम्पॉन तेवढेच ठेवलेत, कड्या आणखी दोन.